काळी भिंत, काचेची पट्टी: कोल्हापुरात गडद बाथरूम करायचं असेल तर

टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी घरातल्या दोन गोष्टी बघून घ्या: नळाला पाणी कसलं येतं आणि बाथरूममध्ये दिवसा उजेड कुठून येतो. गडद बाथरूम झकास दिसेल की डोक्याला ताप होईल, हे बरंचसं या दोन गोष्टींवर ठरतं. शोरूममधला काळा पॅनेल सुंदर दिसतो, पण त्याच्यावर वरून आठ-दहा दिवे सोडलेले असतात आणि त्याच्या अंगावर आंघोळीचं पाणी कधी पडलेलं नसतं.

पाण्याची परीक्षा

बोअरचं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळल्यावर टाइलवरच राहतात. पांढऱ्या टाइलवरही ते राहतात, फक्त दिसत नाहीत. नदीचं किंवा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी त्या मानानं सौम्य. पण अनेक अपार्टमेंटांत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडतात, त्यामुळे ‘आमच्याकडं नळाचंच पाणी आहे’ या बोलण्यावर जाऊ नका.

दुकानातून काळ्या टाइलचा एक तुकडा मागून आणा, सॅम्पलला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तो गच्चीवर भिंतीला टेकवून उभा ठेवा. आंघोळीच्या नळाचं पाणी मगानं त्यावर ओता, वाळू द्या, परत ओता. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. फडकं मारायचं नाही. आठवड्यानं त्यावर जे पांढुरके ओघळ दिसतील, तीच तुमच्या बाथरूमची पुढची अवस्था. ओघळ पुसट असतील तर बिनधास्त काळं करा. बोटाला खरखरीत लागत असतील तर चकचकीत काळा रंग सोडून द्या आणि राखाडीकडे झुकणारा, शिरा किंवा ठिपके असलेला मॅट रंग घ्या. क्षारांचे डाग मुळात राखाडी-पांढरे असतात, ते अशा टाइलमध्ये मिसळून जातात. गडद हिरवा आणि गडद निळा मधल्या गटात बसतात. सगळ्यात जास्त डाग दाखवतो तो ग्लॉसी जेट ब्लॅक, आणि नेमका तोच सगळ्यांना आधी आवडतो.

उजेड

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत न्हाणी बहुतेक वेळा मागच्या अंगाला किंवा जिन्याखाली असते. खिडकी नसते, असली तर शेजारच्या भिंतीकडे उघडते. अशा ठिकाणी गडद बाथरूम करूच नये असं नाही, पण मग सगळा उजेड दिव्यांचा असणार हे गृहीत धरून खर्च काढा.

पाच बाय आठ फुटांच्या पांढऱ्या बाथरूमला ९-१० वॅटचा एक एलईडी पुरतो. गडद टाइल प्रकाश परत फेकत नाही, गिळते. म्हणून निदान दुप्पट वॅट धरा आणि ते तीन ठिकाणी वाटा: एक छताला मधोमध, एक आरशाजवळ, एक काचेच्या टाइल्ससाठी. तीनही दिव्यांना वेगवेगळी बटणं. पहाटे डोळे चोळत जाणाऱ्याला फक्त आरशाजवळचा दिवा पुरतो.

दिव्याचा रंग महत्त्वाचा. आपल्याकडे सर्रास ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा लावतात. काळ्या टाइल्सवर तो निळसर पडतो आणि जागा थंड, दवाखान्यासारखी वाटते. ३००० ते ४००० केल्विनमधला घ्या, आकडा खोक्यावर छापलेला असतो. शॉवरजवळच्या दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं हवं, म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालतं. आणि गीझरच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो याच कामात बसवून घ्या. वायरिंग टाइल्सच्या आधी होतं, त्यामुळे दिव्यांच्या जागा आत्ताच, कागदावर, पक्क्या करायच्या.

छत पांढरंच ठेवा. यावर वाद घालणारे डिझायनर भेटतील, पण साडेआठ-नऊ फुटांच्या छताखाली काळं छत म्हणजे विहिरीत उभं राहिल्यासारखं होतं.

काच कुठं चमकते

काळा दगड आणि रंगीत काच ही जोडी कोल्हापूरकराला नवीन नाही. १८८४ साली पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसची इमारत काळ्या घडीव दगडाची, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि आतल्या दरबार हॉलमध्ये शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगीत काचांत बसवलेले आहेत. ती काच झगमगते कारण उजेड तिच्या पलीकडून येतो. बाथरूममधल्या काचेच्या टाइलमागं मात्र भिंत आणि अॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला, असतं. तिच्यात उजेड पुढून शिरतो, मागच्या पांढऱ्या थरावर आपटतो आणि परत येतो. म्हणून दिवा जिथं पडतो तिथंच काच लावायची. दिव्याच्या आडोशाला लावलेली महागडी काच आणि साधी गुळगुळीत टाइल यांत फरक कळत नाही.

माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्यानं काचेसाठी एकच जागा निवडावी. सगळ्यात चांगली जागा म्हणजे शॉवरच्या भिंतीतला कोनाडा. साबण-शाम्पू ठेवायला तो हवाच असतो, जुन्या घरांच्या जाड भिंतीत तो सहज निघतो, आणि त्याच्या पाठीला दीड-दोन चौरस फूट काच लावली तरी सगळी नजर तिथं जाते. चार इंची भिंतीत मात्र कोनाड्याच्या नादाला लागू नका, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीतही नको. दुसरी जागा म्हणजे शॉवरच्या भिंतीवर जमिनीपासून वरपर्यंत एक उभी पट्टी. तिसरी, वॉश बेसिनच्या मागं.

तीनही जागी एकदम लावली की बाथरूमचं मिठाईचं दुकान होतं. जमिनीवर काच अजिबात नको: ओली झाली की घसरते आणि वाळूच्या कणांनी ओरखडते. जमिनीला मॅट टाइल, घसरणरोधक दर्जा आर १० किंवा आर ११ असलेली. घरात वयस्कर माणसं असतील तर आर ११ च.

गडद रंग किती? जमीन आणि शॉवरच्या बाजूच्या दोन भिंती गडद, उरलेल्या दोन फिक्या राखाडी, हे प्रमाण आपल्याकडच्या लहान बाथरूमला पेलतं. भरपूर उजेडाची खिडकी असेल तर चारही भिंती करा.

रंग जुळवताना काचेत एकच घराणं ठेवा. कोळशासारख्या राखाडीवर बाटलीहिरवा किंवा तांब्याच्या छटेचा रंग छान उठतो. गडद हिरव्यावर मधाच्या रंगाची काच. पाच-सहा रंगांची मिसळ असलेली शीट दुकानात मजेदार दिसते, पण वर्षभरात कंटाळा येतो.

मोजमाप आणि खरेदी

काचेची मोझॅक सहसा सुट्या तुकड्यांत मिळत नाही. जाळीवर किंवा कागदावर चिकटवलेल्या, बहुतेकदा ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या शीट्स असतात. दुकानदार तिला ‘एक फुटी’ म्हणतो, पण एक फूट म्हणजे ३०५ मिलिमीटर. हा पाच मिलिमीटरचा फरक हिशोबात घ्यावा लागतो. सात फूट उंच पट्टीला सात शीट्स कागदावर पुरतात, भिंतीवर वर बोटभर जागा उघडी राहते. आठ घ्या, तुटफूट धरून नऊ.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागाच शीटच्या मापात करा. पट्टीची रुंदी एक शीट किंवा दोन शीट, दीड नको. कोनाड्याची पाठ गिलावा आणि बाजूच्या टाइल्स धरून आत निव्वळ ३०० बाय ६०२ भरेल अशी काढून घ्या, मधले दोन मिलिमीटर दर्जेचे, म्हणजे दोन शीट्समधल्या सांध्याचे. मग एकही तुकडा कापावा लागत नाही. गवंड्याला फूट-इंचात सांगून सोडून देऊ नका. शीट हातात देऊन भिंतीवर पेन्सिलनं खूण करून घ्या.

शीट निवडताना तीन प्रकार समोर येतील. अपारदर्शक, पोहण्याच्या तलावात असते तशी, साधारण ४ मिलिमीटर जाड: स्वस्त आणि दणकट. पारदर्शक काच, मागं रंग दिलेली, ६ किंवा ८ मिलिमीटर: खोली हिच्यात दिसते. आणि मागं सोनेरी-चंदेरी वर्ख असलेली. वर्खाची काच शॉवरमध्ये लावू नका, सांध्यातून पाणी मागं गेलं की वर्ख कडेनं काळा पडतो. बेसिनमागं चालेल.

एक शीट घरी आणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी जाळीचे तुकडे बोटानं हलवून बघा. तुकडे सुटले किंवा मागचा रंग नखाला लागला तर तो माल नको.

भिंतीच्या गडद टाइल्स बहुतेक गुजरातमधल्या मोरबीच्याच असतात. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे का ते टेम्पोत भरण्याआधी तपासा. पांढऱ्यात दोन बॅचमधला फरक खपून जातो, गडदमध्ये भिंतीवर चौकोन उठून दिसतो. जुन्या घरातल्या भिंती ओळंब्यात नसतात, तिथं दोन बाय चार फुटांची टाइल घेऊ नका, एक बाय दोन फुटांची घ्या.

कडप्पा स्वस्त आणि काळा म्हणून बेसिनच्या ओट्याला सुचवतील. तो चुनखडीचा दगड आहे, आम्ल लागलं की पांढरे चट्टे पडतात. काळा ग्रॅनाइट घ्या.

फोडाफोड ते वॉटरप्रूफिंग

हे काम पावसाळा सोडून काढा. जून ते सप्टेंबर इथल्या भिंती ओल धरून असतात आणि केमिकलचा कोणताही थर नीट वाळत नाही. जुन्या भिंतीला लोणा (ओलीनं फुटणारा क्षार) लागलेला असेल तर तो गिलावा पूर्ण खरवडून काढायचा, वरून टाइल चिकटवून लोणा थांबत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं होतं तिथं तर खालचे तीन-चार फूट हमखास तपासा.

कन्सील्ड पाइप भिंतीत बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. प्लंबरला घाई असते, तुम्हाला नको. नाहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे, जमिनीचा ढाळ दर पाच फुटांना पाऊण इंच धरा. गडद जमिनीवर साचलेलं पाणी दिसत नाही, वाळल्यावर त्याचं पांढरं वेटोळं दिसतं, त्यामुळे ढाळात कसूर नको.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. जमिनीवर आणि सगळ्या भिंतींवर फूटभर, शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपेक्षा वर. कोनाडा आतून पाचही बाजूंनी, कोपऱ्यात फायबर जाळीची पट्टी घालून. थर वाळला की ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. पेठेत तर शेजाऱ्याच्या भिंतीलाही.

जाडीचा हिशोब

सगळ्यात जास्त कामं इथं फसतात. भिंतीची टाइल साधारण ९ मिलिमीटर आणि तिच्याखाली अॅडहेसिव्ह ४, मिळून १३. काच ६ मिलिमीटरची घेतली तर तिच्याखाली अॅडहेसिव्ह ३, मिळून ९. एकाच गिलाव्यावर दोन्ही लावल्या की काच ४ मिलिमीटर आत बसते आणि टाइलची कापलेली धार उघडी पडते. त्या खाचेत साबण साचतो, पुढं बुरशी धरते.

उपाय साधा आहे. काचेच्या जागेवर आदल्या दिवशी ४ मिलिमीटरचा थर देऊन भिंत पुढं आणायची. टाइल आणि काच सुक्या, शेजारी शेजारी धरून वर पट्टी आडवी ठेवायची, खाली फट किती राहते ते बघायचं आणि तेवढीच भरायची. हा थर आरशासारखा सपाट हवा, कारण काच लहान असल्यामुळे भिंतीचा प्रत्येक उंचवटा जशाच्या तसा वर दाखवते. उघडी कड राहणार असेल तर आधी गडद टाइल्स बसवून मग मधे काच भरा. काचेच्या कडा धारदार असतात, बाहेरच्या कोपऱ्यावर त्या येऊ देऊ नका.

काच बसवताना

गवंडी म्हणणार, “साहेब, करडाच लावूया की. मागचं कोण बघतंय?” पारदर्शक काचेत मागचंच दिसतं. करड्या अॅडहेसिव्हवर बाटलीहिरवी काच शेवाळी होते. पांढरा पॉलिमर अॅडहेसिव्ह, पिशवीवर काचेच्या मोझॅकसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला, एवढाच घ्या. साधं सिमेंट किंवा पांढरं सिमेंट लावून काच टिकत नाही: काच पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटला धरायला काही मिळत नाही.

खाचेच्या थापीनं अॅडहेसिव्ह ओढला की रेघा उठतात. मोठ्या टाइलला त्या तशाच चालतात. काचेला नाही, रेघा काचेतून दिसतात. म्हणून खाचेच्या बाजूनं ओढून लगेच सपाट बाजूनं रेघा मोडायच्या, मग शीट ठेवायची. एका वेळी दोन शीट्सपुरताच अॅडहेसिव्ह लावा, उन्हाळ्यात तर एकाच. रबरी पाट्यानं हलकं दाबा, हातोडीचा दांडा मारायचा नाही. दोन शीट्समधली फट शीटच्या आतल्या फटीएवढीच दिसली पाहिजे, नाहीतर लांबून चौकोन चौकोन उठतात. तीन पावलं मागं जाऊन बघितल्याशिवाय पुढची शीट लावू देऊ नका.

नळासाठी भोक पाडायचं असेल तर डायमंड कोअर बिट, हळू वेग आणि सतत पाण्याची धार. कापायला ओली डायमंड चकती. नेहमीच्या ग्राइंडरनं सुकं कापलं की कडेला कपच्या उडतात.

मग थांबा. काचेतून ओल बाहेर पडत नाही, ती फक्त सांध्यांतून जाते. म्हणून दर्जा भरायला दुसऱ्याच दिवशी हात घालू नका, दोन दिवस जाऊ द्या.

दर्जा

दर्जा, म्हणजे सांधे, भरायचा सिमेंटचा काळा ग्राउट स्वस्त आहे, पण जड पाण्याच्या घरात त्याच्यावर काही महिन्यांत पांढरा खार येतो आणि काळ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा राखाडी होतो. शॉवरच्या भागात तरी इपॉक्सी ग्राउट घ्या. त्याला डाग धरत नाही, बुरशी सहसा येत नाही. वाळूचे कण असलेला ग्राउट काचेवर नको, ओरखडे पडतात.

इपॉक्सीची एक खोड आहे. कालवल्यावर साधारण पाऊण तासात तो घट्ट होऊ लागतो आणि काचेवर राहिलेला धुरकट थर नंतर निघता निघत नाही. थोडा थोडा कालवा. एक माणूस भरेल, दुसरा त्याच्या मागोमाग ओल्या स्पंजानं पुसत जाईल. एकट्या माणसाला हे काम देऊ नका. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन यांच्या कोपऱ्यात ग्राउट न भरता त्याच रंगाचा सिलिकॉन भरायचा, तिथं हालचाल होते आणि ग्राउट तडकतो.

रंगाबद्दल: गडद टाइलला टाइलच्याच रंगाची दर्ज. काचेला मात्र काचेपेक्षा किंचित गडद. पांढरी दर्ज भरली तर काच मागं जाते आणि डोळ्यांना फक्त जाळी दिसते.

नळ, पंखा, आणि रोजचं

काळ्या भिंतीवर काळे नळ सध्या फार चालतात. बोअरचं पाणी असेल तर घेऊ नका. सॅटिन स्टीलवर डाग कमी दिसतात. आरशाचे दिवे वर एक लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला लावा, गडद खोलीत वरच्या दिव्यानं चेहऱ्यावर सावल्या पडतात. काचेचा दिवा छतात, भिंतीपासून दीड फूट पुढं. भिंतीला अगदी चिकटून लावला तर बसवण्यातला प्रत्येक चढ-उतार उघडा पडतो. सहा इंची एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि पावसाळ्यात आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू राहू द्या.

बाथरूम झाल्यावर आठवडाभर तरी शॉवर वापरू नका, इपॉक्सी पूर्ण पिकायला तेवढा वेळ लागतो. नंतर शेवटच्या आंघोळीला भिंतीवरून एकदा वायपर फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कामवाल्या मावशींना ॲसिडची बाटली आणून देऊ नका: काचेला त्यानं काही होत नाही, पण सिमेंटचे सांधे आणि नळांचं क्रोम खाल्लं जातं. क्षार जमलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्यानं पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा.

उरलेल्या दोन शीट्स आणि गडद टाइल्सचं एक खोकं बॅच नंबरसकट माळ्यावर ठेवा. ग्राउटच्या डब्यावरचा शेड नंबर त्याच खोक्यावर मार्करनं लिहा. पुढं कधी गीझरची लाइन दुरुस्त करायला भिंत फोडावी लागली, तर तोच माल बाजारात मिळेल याची खात्री नसते.